तांबडी खार आणि पार्टुला गोगलगाय : घात केला तो सोयऱ्यांनीच

रानवाटा

आपल्याकडे दुर्मीळ प्राण्यांवर धागे निघतात ते वाघ, माळढोक, गिधाडं यांच्यावर. आज मुद्दाम एक विजोड जोडी घेतोय. ब्रिटनमधली तांबडी खार आणि पॅसिफिक महासागरातल्या ताहिती-मोरेआ बेटांवरची पार्टुला गोगलगाय. एक झाडावरून झाडावर उड्या मारणारी, दुसरी पानाच्या खालच्या अंगाला चिकटून दिवस काढणारी, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची. दोघींचं जगणं कुठंच जुळत नाही. मरणं मात्र जुळतं. दोघींच्या मुळावर आले ते माणसानं बाहेरून आणून सोडलेले त्यांचे चुलत सोयरे.

आधी खारीचं. अमेरिकेतली करडी खार ब्रिटनमध्ये सोडल्याची पहिली ठळक नोंद १८७६ची, चेशरमधल्या हेनबरी पार्कची. कारण? बागेत शोभेला बरी दिसते! पुढे बेडफर्डच्या ड्यूकनं आपल्या वोबर्नच्या इस्टेटीतून ती कुणाकुणाला भेट म्हणून वाटली. आयर्लंडमध्ये तर १९११ साली एका लग्नात आहेर म्हणून करड्या खारी आल्या आणि कॅसल फोर्ब्सच्या बागेत मोकळ्या सुटल्या. आज ब्रिटनमध्ये करड्या खारी अंदाजे २७ लाख आणि तांबड्या तीन लाखांच्याही आत, त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडात.

करडी खार तांबडीला मारत नाही, हे आधी लक्षात घ्या. ती आकारानं मोठी आहे, आणि ओकची फळं पुरती पिकायच्या आधीच खाऊन पचवू शकते. तांबडीला ती तितकी पचत नाहीत. म्हणजे ताट वाढलं जायच्या आधीच दुसरी पंगत उठून गेलेली. त्यात भर म्हणजे करडी अंगावर देवीच्या जातीतला एक विषाणू वागवते. तिला स्वतःला काही होत नाही. तांबडीला लागण झाली की डोळ्यांभोवती, तोंडावर, पंजांवर फोड येतात आणि साधारण पंधरा दिवसांत ती जाते.

आता गोगलगाय. १९६७ साली ताहितीत आफ्रिकन राक्षसी गोगलगाय पोचली. तीच, जी आपल्याकडे शंखी गोगलगाय म्हणून ओळखली जाते. तिनं बागा, भाजीपाला फस्त करायला सुरुवात केली. मग सरकारी संमतीनं तिच्यावर इलाज म्हणून फ्लोरिडातली गोगलगायी खाणारी गोगलगाय आणली, युग्लांडिना रोझिया. १९७४ साली ताहितीत, १९७७ साली मोरेआवर. या शिकारणीनं राक्षसिणीचं फार काही वाकडं केलं नाही. ती वळली पार्टुलाकडे. १९८७पर्यंत मोरेआवरच्या सातही पार्टुला जाती रानातून नाहीशा झाल्या. दहा वर्षं फक्त! ताहिती-मोरेआ ज्यांत येतात त्या सोसायटी बेटांवर मिळून पार्टुलाच्या साठेक जाती होत्या. रानात टिकल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. काही जाती वाचल्या त्या केवळ प्राणिसंग्रहालयांतल्या प्लास्टिकच्या डब्यांत.

माझं म्हणणं एवढंच, की या दोन बचावमोहिमांत गोगलगायीची मोहीम जास्त सरस आहे. खारीसाठी पैसा आहे, स्वयंसेवक आहेत, टपाल तिकिटं आहेत, पण तिथं काम म्हणजे दरवर्षी करड्या खारी मारत राहणं. शेवट दिसत नाही. गोगलगायीच्या लोकांनी निदान एक जात बोटाला धरून परत घरी नेली. मतभेदांचं स्वागत आहे.

जुई_के

सुंदर धागा, वाचनखूण साठवली आहे. पण एक शंका. तांबडी खार तर थेट सैबेरियापर्यंत सापडते ना? मग तिला धोक्यात म्हणणं कितपत बरोबर?

रानवाटा

रास्त शंका. धोक्यातल्या प्राण्यांची जी जागतिक लाल यादी असते, तिच्यात तिची काळजी करावी अशी अवस्था नाही. पण ब्रिटनमधल्या सस्तन प्राण्यांची वेगळी लाल यादी २०२० साली झाली, त्यात ती संकटग्रस्त आहे. वेल्स आणि इंग्लंडमध्ये स्थिती वाईट, स्कॉटलंडात जरा बरी. इटलीतही १९४८ साली पीडमाँटमध्ये करड्या खारी सोडल्या गेल्यात, म्हणजे आल्प्सच्या पलीकडे पसरायचा धोका आहेच. १९९७ साली तिथं त्या हटवायचा प्रयत्न सुरू झाला, तर प्राणीप्रेमी संघटनांनी शास्त्रज्ञांना कोर्टात खेचलं. निकाल लागेपर्यंत खारी हाताबाहेर गेल्या.

पार्टुलाचा प्रकार वेगळा. तिच्या कित्येक जाती एकेका बेटावर, कधी एकेका दरीत. तिथून गेली की जगातून गेली. हा फरक मोठाच आहे.

टाइनकाठी

न्यूकॅसलजवळ राहते, त्यामुळे तोंड उघडणं भाग आहे. :)

रानवाटा, "मारत राहणं" हे शब्द वाचून जरा लागलं. आमच्या नॉर्थंबरलंडात कील्डरचं अफाट जंगल आहे, सगळं सूचिपर्णी, बहुतांश लावलेलं. इंग्लंडमधल्या तांबड्या खारींचा सगळ्यात मोठा आधार तोच. कारण सिटका स्प्रूससारख्या झाडांच्या बारीक बियांवर तांबडी भागवते, करडीला मात्र ओक, बीच, हेझल असं भरभक्कम खाणं लागतं. गंमत बघा, ज्या एकसुरी लागवडीला पर्यावरणवाले नावं ठेवतात तिनंच खारीला आसरा दिला.

मी ज्या गटाबरोबर जाते तिथं काम काय, तर खाण्याच्या पेट्या धुऊन निर्जंतुक करणं, कॅमेऱ्यातले फोटो चाळणं, कुठं करडी दिसली की कळवणं. पेट्या धुणं हा कंटाळवाणा पण फार महत्त्वाचा भाग, कारण एकाच पेटीवर आजारी आणि निरोगी खार आली की खेळ संपला. लिव्हरपूलजवळ फॉर्म्बीला २००८च्या सुमारास साथ आली तेव्हा ऐंशी टक्क्यांहून जास्त तांबड्या गेल्या. नंतर उरलेल्यांतून पुन्हा वाढल्या, हेही सांगायला हवं.

पकडलेली करडी खार परत सोडणं इथं कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे पिंजरा लावला की पुढचं काम टळत नाही. ते करणारे लोक मला माहीत आहेत, त्यातला कुणीही मजा म्हणून करत नाही. आणि शेवट दिसत नाही म्हणता, तर वेल्सचं अँगलसी बेट बघा. १९९८ साली तिथं तांबड्या खारी चाळीसच्या आसपास उरल्या होत्या. करड्या हटवायला सुरुवात केली, २०१३पर्यंत बेट मोकळं झालं, आता तांबड्या कित्येक शेकड्यांत आहेत. बेट मुख्य भूमीला पुलांनी जोडलेलं आहे, त्यामुळे राखण करावी लागते, हे खरं.

दुसरं म्हणजे पाईन मार्टेन. मुंगसासारख्या चणीचा, झाडावर चढणारा इथला जुना शिकारी. शिकारीच्या राखीव रानांतल्या लोकांनी त्याला जवळजवळ संपवला होता. आता तो परततोय. आणि आयर्लंडात, मग स्कॉटलंडात झालेल्या अभ्यासांतून दिसलं की मार्टेन जिथं वाढतो तिथं करड्या घटतात आणि तांबड्या परत येतात. तांबडी त्याच्याबरोबर हजारो वर्षं राहिलीय, तिला त्याची चाहूल कळते. करडी जमिनीवर जास्त वेळ काढते, वजनानं जड, आणि मार्टेनचा वास आला तरी खाण्याच्या पेटीवर तशीच बसून राहते. हा उपाय गोगलगायीकडे नाही.

अवांतर: इंग्रजांना या खारीचा आता कळवळा आलाय. पण १९०३ साली स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये एक स्क्विरल क्लब निघाला होता. झाडांच्या साली सोलते म्हणून तांबडीच्याच शेपटीमागे बक्षीस देत. हजारो मारल्या. पुढे १९५०च्या दशकात सरकारनं करडीच्या शेपटीला शिलिंग लावला. शेपूट तीच, रंग बदलला.

तिरकस

धागा छान, पण मला मूळ मुद्दाच कळत नाही. बलवान टिकतो, दुबळा जातो. डायनासोर गेले तेव्हा कुणी पिंजरे लावले होते? एका बेटावरची नखाएवढी गोगलगाय गेली तर ताहितीच्या माणसाचं नेमकं काय अडतं? करदात्यांच्या पैशानं डब्यात गोगलगायी पाळणं म्हणजे श्रीमंत देशांचे चोचले.

शंखशिंपले

तिरकसराव, "नैसर्गिक" असतं तर तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असतं. फ्लोरिडाची गोगलगाय ताहितीपर्यंत पोहत गेली नाही. खात्याच्या शिक्क्यानं गेली. आपण पेटवलेल्या आगीला वणवा म्हणण्यात अर्थ नाही.

ताहितीच्या माणसाचं काय अडतं, तर तिथल्या बायका या शंखांचे हार करत. आणि जगाचं काय अडलं, तर उत्क्रांतीची एक चालू प्रयोगशाळा बंद पडली. हेन्री क्रॅम्प्टन हा अमेरिकन शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या बेटांच्या दऱ्याखोऱ्यांतून पार्टुला गोळा करत हिंडला. कुठल्या दरीत कुठल्या रंगाची, उजव्या वळणाची की डाव्या, किती लांबीची, असं मोजून त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिले. १९६०नंतर ब्रायन क्लार्क, जेम्स मरे आणि मायकेल जॉन्सन यांनी तोच धागा पुढे नेला. नवी जात तयार कशी होते हे डोळ्यांदेखत बघायला मिळेल अशा जागा जगात फार नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत झालं ते उलटंच. शिकारण मोरेआवर वर्षाला साधारण एक किलोमीटरभर पुढे सरकत होती, आणि हे लोक नकाशावर तिची रेघ आखत होते. रेघेच्या मागे पार्टुला शून्य. जेवढ्या जिवंत मिळाल्या तेवढ्या उचलून प्रयोगशाळांत नेल्या. आज प्राणिसंग्रहालयांत आहेत त्यांतल्या कित्येक त्याच उचलाउचलीच्या वंशातल्या.

पार्टुला एवढ्या लवकर का संपली, याचं उत्तर तिच्या संसारात आहे. ती अंडी घालत नाही, पिल्लू देते, तेही एका वेळी एकच. वाढायला हळू. बेटावर तिला खाणारी दुसरी गोगलगाय कधी नव्हतीच, त्यामुळे पळणं-लपणं काही शिकलेली नाही. आणि शिकारण चिकट माग हुंगत येते. तिच्या तोंडाशी लांब मिशांसारखे ओठ असतात, त्यांनी ती माग चाटत चाटत थेट झाडावर चढते. म्हणजे पार्टुला जिथं जाईल तिथं स्वतःच्या पत्त्याची रेघ मागे ठेवते. सुटणार कशी?

तरी एक सुटली! ताहितीची पार्टुला हायलिना. पांढऱ्या शंखाची. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांना शंका होती की पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून ही रानाच्या कडेला उन्हात राहू शकते आणि शिकारणीला तिथं भाजतं. पण हे सिद्ध कसं करायचं? त्यांनी त्यांच्याच विद्यापीठात बनलेला जगातला अगदी चिमुकला संगणक वापरला, पाच मिलिमीटर लांब, दोन रुंद. शिकारणीच्या पाठीवर तो चक्क चिकटवला. पार्टुला संरक्षित असल्यानं तिला चिकटवता येईना, म्हणून ती झोपलेल्या पानावर ठेवला. आकडे आले २०२१ साली. पार्टुलाच्या जागी शिकारणीच्या जागेपेक्षा जवळजवळ दसपट ऊन होतं. म्हणजे रानाची कडेची झाडं तोडली की हिचा शेवटचा किल्लाही पडणार. रक्षण करायचं ते कुठल्या झाडांचं, एवढं नेमकं उत्तर एका गोगलगायीनं दिलंय.

जुई_के

बाप रे, पाठीवर संगणक लावलेली गोगलगाय! मुलांना वाचून दाखवलं.

सोयाबीनवाला_औसा

नमस्कार मंडळी. मी शेतकरी माणूस, इकडं फार लिहीत नाही. पण गोगलगाईला "वाचवा" म्हणताय हे वाचून हसावं का रडावं कळंना.

२०२२चा खरीप आठवा. लातूर, बीड, उस्मानाबाद. सोयाबीन उगवून दोन पानांवर आलं की रात्रीतून साफ. सकाळी बघावं तर सरीत नुसते शंख. दुबार पेरणी केली, तीबी खाल्ली. काही जणांनी तिबार केली. सरकारनं नुकसानीची मदत जाहीर केली, ती कुणाला मिळाली, कुणाला नाही. तेव्हापासून जून आला की पोटात गोळा येतो बघा.

तर माझा साधा प्रश्न. ती फ्लोरिडाची शिकारी गोगलगाय आमच्याकडं का आणू नये? तिकडं त्या बिचाऱ्या छोट्या गोगलगाई होत्या म्हणून घोळ झाला. आमच्याकडं कोण हाय वाचवायला?

तिरकस

आता खरी चर्चा सुरू झाली. सोयाबीनवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे लोक काय देतात ते बघतोच.

शंखशिंपले

सोयाबीनवाले दादा, तुमचा प्रश्न अगदी तोच आहे जो १९७४ साली ताहितीच्या शेतकऱ्यांचा होता. त्यांचंही नुकसान खरं होतं. म्हणून सरळ सांगतो, पार्टुलाचं दुःख बाजूला ठेवूनही हा उपाय तुमच्या कामाचा नाही.

पहिलं कारण: पूर्ण वाढलेली शंखी गोगलगाय शिकारणीच्या तोंडी मावत नाही. ती छोट्या गोगलगायी शोधते. तिच्यामुळे शंखी आटोक्यात आली, असा ठोस पुरावा कुठल्याच बेटावर मिळालेला नाही. हवाईत तिला १९५५ साली आणलं. शंखी अजून तिथं आहे, आणि तिथल्या झाडावरच्या सुंदर गोगलगायींचं वाटोळं झालं. त्यातल्या एका जातीचा शेवटचा जीव, जॉर्ज नावाचा, २०१९च्या नववर्षदिनी गेला.

दुसरं: शंखी एका वेळी शेदोनशे अंडी मातीत घालते. शिकारण काही तेवढ्या वेगानं वाढत नाही.

तिसरं: "आमच्याकडं कोण आहे वाचवायला" म्हणालात. आहेत की! सह्याद्रीत जमिनीवरच्या गोगलगायींच्या कितीतरी जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे नाहीत. औशापासून सह्याद्री लांब आहे खरा, पण पाईप, रोपं, ट्रकमधली माती यांच्याबरोबर शंखी जशी सगळीकडे पोचली तशी शिकारणही पोचेल. शंखी तरी मुळात भारतात कशी आली? १८४७ साली बेन्सन नावाच्या गोऱ्या साहेबानं मॉरिशसहून हौसेनं आणली आणि कलकत्त्यात सोडली गेली. तिथून ती तुमच्या सरीपर्यंत आली आहे.

सोयाबीनवाला_औसा

म्हंजे एका साहेबाच्या हौसेपायी आम्ही दुबार पेरायचं. वा रे वा.

जुई_के

हौसेवरून आठवलं. आपली पाठीवर पट्टे असलेली खार, जिच्यावरून रामानं हात फिरवला म्हणतात, ती ऑस्ट्रेलियात पर्थला उपरी आहे. १८९८ साली तिथल्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडली आणि शहरभर झाली. फळझाडांचं नुकसान करते म्हणून तिथं तक्रारी. म्हणजे "करडी खार वाईट" असं काही नसतं, ती स्वतःच्या अमेरिकेत गुणाचीच असेल.

आणि शेकरूचं काय हो? आपल्या राज्यप्राण्याला असा कुणी सोयरा आडवा आलाय का?

रानवाटा

नाही, शेकरूला बाहेरचा सोयरा नाही. तिची अडचण फांद्यांची आहे. ती शक्यतो जमिनीवर उतरत नाही, तेव्हा झाडाचा शेंडा झाडाच्या शेंड्याला भिडलेला हवा. भीमाशंकरला १९८५ साली अभयारण्य झालं ते मुख्यतः तिच्यासाठी. रस्ता रुंद केला, मधली चार झाडं गेली, की तिच्यापुरतं रान दुभंगलं. त्यावर वेगळा धागा काढू, इथं विषय भरकटेल.

टाइनकाठी ताई, मार्टेनचा मुद्दा मान्य. पण तो शहरांत, बागांत येणार नाही, आणि करड्या तिथंच जास्त आहेत. म्हणून इंग्लंडात आता करड्यांना खाण्यातून गर्भनिरोधक द्यायचं संशोधन चालू आहे. ते जमलं तर माझा "शेवट नाही" हा आक्षेप मी मागे घेईन. तोवर नाही. पार्टुलाकडे बघा. २०१५पासून डब्यांतल्या गोगलगायी बेटांवर परत सोडताहेत, हजारोंनी. प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा एक ठिपका, अतिनील दिव्याखाली चमकणारा, म्हणजे रात्री शोधता यावी. मग मोरेआवर बिनठिपक्याच्या, पूर्ण वाढलेल्या पार्टुला तोहिवेआना सापडल्या. म्हणजे रानातच जन्मलेल्या! २०२४ साली त्या जातीला "रानातून नामशेष" या खान्यातून बाहेर काढलं. आता ती "अतिसंकटग्रस्त" आहे. एरवी ही बातमी वाईट वाटली असती.

टाइनकाठी

बातमी आनंदाचीच, वाद नाही. पण डब्याचा गौरव करताना डब्यात गेलेल्याही मोजा. पार्टुला टर्जिडाचा शेवटचा जीव लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९९६च्या जानेवारीत मेला. कारण शिकारण नव्हे, एका सूक्ष्म परजीवीची लागण. एखादी जात संसर्गानं संपल्याची ती पहिली नीट नोंदलेली घटना मानतात. पार्टुला फाबा, जी १७६९ साली दर्यावर्दी कॅप्टन कूकच्या जहाजावरच्या लोकांनी गोळा केली होती, ती २०१६ साली एडिंबरात संपली. सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्याचा धोका हाच. आमच्या खारींना रोग आहे, पण त्या मैलोनमैल पसरलेल्या आहेत. कील्डरला साथ आली तरी स्कॉटलंड उरतं.

शिवाय मोरेआवर ती शिकारण अजून आहेच. बिनठिपक्याच्या गोगलगायी तिच्या शेजारीच जगणार. मग तुमचाही शेवट कुठं आलाय?

शंखशिंपले

+१. आणि त्यात आता न्यू गिनीकडचा एक चपटा किडाही पॅसिफिक बेटांवर पसरलाय, तोही गोगलगायीच खातो. सोडलेल्यांतल्या किती टिकतात हे ठिपके मोजूनच कळेल. पण एक लक्षात घ्या, शिकारणीनं स्वतःचं खाणं संपवलं, त्यामुळे तिचीही संख्या पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहे. परत सोडायची हिंमत झाली ती त्यामुळेच. करड्या खारीचं खाणं तांबडी नव्हे, त्यामुळे ती कधीच अशी उपाशी पडून घटणार नाही. रानवाटा म्हणतात तो फरक मला इथं दिसतो, माणसांच्या मोहिमांत नाही.

रानवाटा

हे पटलं. मोहिमांची तुलना करण्यापेक्षा शत्रूंची करायला हवी होती.

सोयाबीनवाला_औसा

तुमचं भांडण चालू द्या, मला जूनची तयारी सांगा. विद्यापीठाच्या लोकांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायला सांगितली होती, सकाळी उलटून खाली जमलेल्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. ते जमतं. पण शेजाऱ्यानं केलं नाही तर त्याच्याकडनं परत येतात. यंदा सगळ्या शिवारानं पहिल्या पावसालाच एकदम वेचायचं असं गावात बोलणं चाललंय. दाणेदार औषधाला कुत्री-कोंबड्या तोंड लावतात, ते मी टाकत नाही.

एक विचारायचं राहिलं. वेचताना काही बारक्या, चपट्या शंखाच्या पण निघतात. त्यापण बादलीत टाकायच्या का?

शंखशिंपले

नका टाकू. शंखी ओळखायला सोपी: शंख उभा, टोकदार, तपकिरी, त्यावर गडद पट्टे. पिल्लू लहान असलं तरी त्याचाही शंख टोकाकडे उभाच वाढतो. चपट्या, तबकडीसारख्या शंखाच्या बहुतेक इथल्याच असतात. एखादी जात भाजीपाला थोडाफार कुरतडते, पण शेतच्या शेत उठवत नाही. बहुतेकींचं पोट कुजक्या पालापाचोळ्यावर चालतं. त्या बांधावर परत ठेवा. आणि बादलीत काय काय निघालं त्याचा फोटो इथं टाकलात तर मला पाहायचाय, मराठवाड्यातल्या गोगलगायींवर फार कमी लोकांनी नजर टाकली आहे.

सोयाबीनवाला_औसा

टाकतो की. पाऊस पडू द्या.